टीव्हीत मी अजून बोलले नव्हते

आमच्या वरच्या दोन खोल्यांत बंगाली जोडपं राहायला आलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला वेड्यात काढलं. आमचं घर केडगावात, पुणे रोडपासून थोडं आत. घरात मटण-मासा कधी शिजला नाही, आणि मी जागा दिली ती मासे खाणाऱ्यांना. पण मुलगा पहिल्या भेटीतच आवडला. नगरच्या सराफ बाजारात दहा वर्षं दागिने घडवायचं काम करतोय. मराठी असं बोलतो की पाठमोरा उभा असला तर शेवगावचा वाटावा. माझं माहेर शेवगावकडचं, म्हणून मला ते कळतं. जागा बघतानाच म्हणाला, "काकू, मासे रविवारीच करू अन् खिडक्या लावून करू. वास आला तर मला वरडा, तिला नका वरडू. ती लई भित्री हाय."

ती म्हणजे त्याची बायको. विशीतली, बारीक चणीची, डोळे मोठे. ती मला माशिमा म्हणायची, म्हणजे मावशी. हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. कुणाची नावं घालायची नाहीत अशी तिची अट आहे, म्हणून माझंही घातलं नाही. गावाचं नाव मात्र घातलंय. ते लपवायची वेळ माझ्याच हातून निघून गेली, कशी ते सांगते.

दोघांचं लग्न तिच्या घरच्यांना पसंत नव्हतं. तिच्या वडिलांचं तिकडे एका छोट्या गावात कापडाचं दुकान, हा दुसऱ्या जातीचा कारागीर. एका सकाळी ती घरातून निघाली ती थेट याच्याबरोबर रेल्वेत बसली. तिच्या भावानं निरोप पाठवला होता की हा जिथं सापडेल तिथं याचे दोन्ही हात मोडीन. सोन्याचं काम करणाऱ्याचे हात! त्यामुळे कुठल्या गावात राहतो हे तिकडे कुणाला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. वडिलांनी आणि भावानं तिचा नंबरच बंद करून टाकलेला, तिचा फोन लागायचाच नाही. आईकडे स्वतःचा फोन नाही. दीड वर्षं आईचा आवाज कानावर नव्हता.

दुपारची ती खाली माझ्याकडे येऊन बसायची. मी माझ्या मालिका बघायची, ती गवार नाहीतर मेथी निवडायची. एकदा मी म्हटलं, "अगं, तुझ्या भाषेतलं काही लावू का?" तर हातातली जुडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग एका चॅनलचं नाव घेतलं. खाजगी बंगाली चॅनल, तिच्या आईच्या घरी दिवसभर चालू असायचं म्हणे.

केबलवाल्याला फोन केला. तो हसायलाच लागला. "आजी, बंगाली चॅनल? जादूटोणा शिकायचा विचार हाय का काय?"

"हो," म्हटलं, "पहिला प्रयोग तुझ्यावरच करणार. लाव लवकर."

दुसऱ्या दिवशी चॅनल सुरू झालं. सकाळी बातम्या, सहा-सहा माणसं एकदम भांडणारी. मग बोटांत आठ अंगठ्या घातलेला ज्योतिषी. मग मालिका, त्यातल्या सासवा आपल्या सासवांसारख्याच. आणि दुपारी एक वाजता स्वयंपाकाचा कार्यक्रम. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अशी एक बाई गॅसपुढे उभी राहून रांधायची आणि लोकांचे फोन घ्यायची. सगळं थेट. इकडे फोडणी तडतडतेय आणि तिकडे कुणीतरी विचारतंय, माझं पनीर का फुटतं.

मला भाषा येत नव्हती, पण बघून बघून कळायला लागलं. स्वयंपाकाचं काय, हात बघितला की कळतं. माझ्या लक्षात आलं की पोरगी मात्र कढईकडे बघतच नाही. टीव्ही लागला की तिचा जीव त्या बाईच्या तोंडाकडे. एकदा विचारलं तर म्हणाली, "माशिमा, मा अभी यही देखती." तिची आई रोज एक वाजता हा कार्यक्रम बघते. वडील आणि भाऊ दुकानात, त्यांचा डबा गेलेला. तो एक तास आईचा. बाकी दिवस आई सगळ्यांची, एक ते दोन तिची स्वतःची. म्हणजे ही इथं केडगावात बसून, आपली आई आत्ता कुठं बघतेय, तिकडे बघत होती.

मग तिला दिवस राहिले. मी डिंकाचे लाडू केले, ती नाक दाबून खायची. सातवा लागला तशी मी म्हटलं, आपण डोहाळजेवण करू, गल्लीतल्या बायका बोलावू. ती हो म्हणाली आणि जिन्यात जाऊन बसली. मी मागे गेले. तिच्याकडेही असं असतं म्हणे, त्याला शाध म्हणतात. त्यात आई लेकीला तिच्या आवडीचं सगळं करून घालते. "मा को मालूमच नहीं," ती म्हणाली. लेक गरोदर आहे हेच आईला माहीत नाही.

दोन दिवसांनी तिनंच टीव्हीच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. कार्यक्रमाचा फोन नंबर तिथून सारखा सरकत असायचा. "माशिमा, मैं फोन करूँ? मा सुनेगी."

एवढी साधी गोष्ट! आईला फोन नाही, पण आईच्या घरात आवाज जातो, तो रस्ता उघडाच होता.

आम्ही दोघींनी सगळं ठरवलं. फोन माझ्या मोबाईलवरून करायचा, कारण तो नंबर तिकडे कुणाच्या ओळखीचा नाही. खरं नाव सांगायचं नाही. गाव विचारलं तर मुंबई सांगायचं. आईचा विषय काढायचा नाही. फक्त विचारायचं, की शाधाच्या दिवशी पायेश करायचाय, म्हणजे त्यांची तांदळाची खीर, तर गूळ घातला की दूध नासतं, काय करू? माझा सातवा चालू आहे आणि करून घालणारं माहेरचं कुणी जवळ नाही. बस, एवढंच. आवाज आई ओळखेल. बाकी काही सांगायची गरज नाही.

नवऱ्याला सांगायचं नाही हेही ठरलं. तो नाही म्हणाला असता. हे तिनं म्हटलं आणि मी मान डोलावली. मोठी बाई म्हणून मी तिथंच थांबवायला हवं होतं. पण मला खरं सांगायचं तर उत्साह आला होता.

चार दिवस फोन लागलाच नाही. सारखा गुंतलेला. पाचव्या दिवशी लागला. एक मुलगी बोलली, थांबायला सांगितलं, मग कानात गाणं वाजत राहिलं. पोरगी उभी, मी उभी. मी काय केलं, नीट ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात त्या बाईनं फोन घेतला आणि हिनं "हॅलो" म्हटलं, तर जरा वेळानं टीव्हीतून हिचाच हॅलो परत फोनमध्ये, त्यातून परत टीव्हीत, अशी नुसती बोंब उठली. बाई हसत काहीतरी म्हणाली आणि फोन कट. टीव्हीचा आवाज बंद करून बोला, असं तिचं म्हणणं होतं. ते मला नंतर कळलं.

"अगं, चुकलंच माझं," मी म्हटलं. ती रडली नाही. फोनची काच पदरानं पुसली आणि मला परत दिली.

सहाव्या दिवशी टीव्ही मुका करून ठेवला. एक वाजून वीस मिनिटांनी फोन लागला. मी तिच्या शेजारी, कान तिच्या कानाला लावून. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

बाईनं नाव विचारलं. हिनं खोटं सांगितलं. बाई म्हणाली, किती गोड आवाज, पण इतका बारीक का? कुठून बोलतेस? एवढं बंगाली मला एव्हाना समजत होतं.

"मुंबई."

"अरे वा! मुंबईत कुठे?"

आम्ही सगळं ठरवलं होतं, मुंबईत कुठे ते ठरवलं नव्हतं. पोरीनं मुंबई बघितलेलीच नाही. ती रेल्वेतून थेट नगरलाच उतरलेली. तिचं तोंड उघडं, आवाज नाही. माझ्याकडे बघतेय. माझ्या डोक्यात मुंबईतलं एक नाव येईना.

"हॅलो? हॅलो?" बाई म्हणतेय. मला वाटलं, आता ही कट करणार. आणि सातव्याचं तर अजून सांगायचंच राहिलंय. सहा दिवसांचं सगळं पाण्यात जाणार. मी फोन ओढला आणि ओरडले, "मुंबई नहीं, ताई! नगर! नगर, केडगाव, पुणे रोड! लडकी को सातवा महिना है, घबराती है! उसका माहेर का कोई नहीं इधर, वो खीर का पूछना है उसको!"

बोलून झालं आणि मला कळलं मी काय बोलले.

तेव्हा मी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीत ती बाई अजून हसत होती. हातात डाव, मान तिरकी करून तिचे ओठ "हॅलो, हॅलो" करत होते. म्हणजे टीव्ही मागे चालत होता. फोनमधलं बोलणं आभाळात जाऊन खाली उतरायला सात-आठ सेकंद लागतात. इथं माझं बोलून झालेलं, पण टीव्हीत मी अजून बोलले नव्हते. सगळ्या बंगालात अजून कुणी काही ऐकलेलं नव्हतं. तिचा बाप, तिचा भाऊ, कुणीच नाही.

आणि तुम्हाला सांगते, मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता नाही जाणार. एवढ्या वयाची बाई मी, मला त्या क्षणी खरंच वाटलं की टीव्ही बंद केला म्हणजे ते थांबेल.

काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो.

फोन तिनं माझ्या हातातून काढून घेतला. पलीकडून बाई विचारत होती, या कोण? "माशिमा," ती म्हणाली. मग भरभर काहीतरी बोलली, मला एक अक्षर कळलं नाही. बाईनं बराच वेळ काहीतरी सांगितलं. गुळाचं असावं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "गूळ आखिर में. दूध उतारके."

तासाभरात तिचा नवरा आला. दुपारी तो कधी येत नाही. गाडी लावली, हेल्मेट तसंच डोक्यावर. सराफ बाजारात त्याच्या शेजारी बसणारा एक कारागीर आहे, त्याच्या आईनं तिकडून फोन करून विचारलं होतं, अरे, टीव्हीवर तुमच्या नगरची कोणीतरी बोलली, ओळखीची आहे का? म्हणजे पोचलं होतं. सगळं पोचलं होतं.

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. ओट्याला टेकून उभा राहिला. "काकू, काय केलं हो तुमी हे?"

"चुकले रे."

"नगर म्हणला असता तर चाललं असतं. आमच्याकडं पन्नास नगरं हायेत. तुमी केडगाव म्हणला. पुणे रोड म्हणला. घर नंबर तेवढा राहिला."

बायको मधे पडली, त्यांच्या भाषेत दोघांचं झालं. त्याचं म्हणणं, शेवगावात ओळखीचा एक सोनार आहे, उद्याच तिकडे जायचं. तिचं म्हणणं, जायचं नाही. बाकी मला समजलं ते एवढंच, की ती सारखी माझ्या फोनकडे बोट दाखवत होती. आईनं ऐकलं असेल. आई काहीतरी करेल. आणि केलं तर ते याच नंबरवर येईल.

शेवटी तो म्हणाला, "आठ दिवस. त्यानंतर मी काय ऐकणार न्हाई."

ते दिवस कसे गेले ते मलाच माहीत. मी फाटकाला आतून कडी लावायला लागले. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या कडी लावणारी मी पहिलीच असेन. शेजारीण म्हणाली, "काय हो, सोनं सापडलं का काय?" मी म्हटलं, "व्हय, हंडाच सापडलाय." वर सामान बांधून ठेवलेलं. डोहाळजेवणाचा विषय कुणी काढत नव्हतं. तो कामावर जाताना बायकोला माझ्याकडे बसवून जायचा आणि दर दोन तासांनी फोन करायचा.

तिसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून एक तरुण माणूस आला, परका. फाटकापाशी उभा राहून विचारतो, "वर भाडेकरू हायेत का?" मी म्हटलं, "कोण भाडेकरू? वर कबुतरं राहतात." तो म्हणाला, "आजी, गॅसचं केवायसी करायचं हाय, आधार कार्ड लागंल." मी त्याचं ओळखपत्र मागितलं, ते उलटंसुलटं वाचलं, मग त्याला केडगावातले चार प्रश्न विचारले. देवीचं मंदिर कुठे, शाळा कुठे. बिचारा सगळ्यांची उत्तरं देऊन म्हणाला, "पास झालो का?" मग आत घेतलं. तोवर पोरगी न्हाणीघरात कडी लावून बसलेली.

एक वाजता आम्ही टीव्ही लावायचो. आवाज बारीक. टीव्हीतल्या बाईनं फोन घेतला की पोरगी पुढे सरकायची. एखाद्या म्हाताऱ्या बाईचा आवाज आला की श्वास धरायची. मग मान हलवायची, नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला माझा फोन वाजला. हिंदीत बोलणारी मुलगी. म्हणाली, मी चॅनलमधून बोलतेय. एक बाई रोज फोन करते. कार्यक्रमात घ्या म्हणत नाही, नगरहून जी मुलगी बोलली तिचा नंबर द्या म्हणते. मी तिची आई आहे म्हणते. आम्ही कुणाचा नंबर कुणाला देत नाही, पण ती फार रडते, म्हणून विचारतेय. देऊ का?

मी म्हटलं, थांब बाई. यावेळी मात्र मी तोंडावर हात ठेवला आणि पोरीला हाक मारली.

तिनं ऐकलं. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, अजिबात नाही. भाऊ कुठल्याही बाईला उभी करील. नंबर मिळाला की घर मिळालं. चॅनलच्या मुलीनं दोन वाजता परत फोन करते असं सांगितलं होतं. तो दोनच्या आत घरी आला. आम्ही तिघं माझ्या हॉलमध्ये, फोन मधे स्टुलावर.

"आईच असली तर?" मी म्हटलं.

"अन् नसली तर? माझे हात गेले तर हिला काय खायला घालू, काकू? तुमचे डिंकाचे लाडू?"

पोरगी नवऱ्याकडे बघून हळूच बोलली. त्यानं मला मराठीत सांगितलं, "ती म्हणतेय, त्या बाईला एक गोष्ट विचारा. मी घरातनं निघाले त्या सकाळी, त्या वेळी तू काय करत होतीस. ते आमच्या दोघींशिवाय कुणाला माहीत न्हाई. घरात तिसरं कुणी नव्हतं."

मी विचारलं, "काय करत होती?"

पोरगी मला म्हणाली, "मछली साफ करती थी. आँगन में. मेरे तरफ पीठ था." अंगणात आई विळीवर मासा साफ करत बसलेली, दाराकडे पाठ. ही पिशवी घेऊन तिच्या मागून, चप्पल हातात घेऊन, फाटकातून बाहेर पडली. आईला कळलं नाही. दीड वर्षं हिच्या मनात तेच होतं, की आई मासा साफ करून उठली असेल, मला हाक मारली असेल आणि मी नव्हते.

दोन वाजता फोन आला. नवऱ्यानं प्रश्न सांगितला. मुलगी म्हणाली, ती बाई अडीचच्या आत फोन करते, विचारून सांगते. आम्ही परत बसलो. अर्धा तास कुणी पाण्यालाही उठलं नाही. तो आपल्या बोटांकडे बघत होता, उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या एकेका बोटावरून फिरवत. मला ते बघवेना.

अडीच वाजून गेले. पावणेतीन. फोन वाजला. त्यानं आवाज मोठा केला.

चॅनलची मुलगी आता हिंदीत बोलत नव्हती, बंगालीत बोलत होती. तिचाही आवाज बदललेला. पोरीनं ऐकलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. मला धीर निघेना. "काय म्हणाली? अरे, सांगा तरी!"

तिच्या नवऱ्यानंच सांगितलं. थांबत थांबत. "म्हणाली, मासा साफ करत होते. पण मासा केव्हाच साफ झाला होता. लेकीच्या पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला, मग मी उठलेच न्हाई. ती फाटकाबाहेर जाईस्तोवर तोच मासा घासत बसले."

पोरगी रडत होती, आवाज न करता, सबंध अंग हलत होतं. तिच्या आईनं सगळं ऐकलेलं होतं. तिनं मुद्दाम पाठ केली होती.

त्यानं चॅनलच्या मुलीला सांगितलं, "द्या नंबर." मराठीतच म्हणाला, मग जीभ चावून बंगालीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी फोन आला. तिकडे टीव्ही मोठ्यानं लावलेला होता, शेजाऱ्यांना वाटावं रोजचंच चाललंय. फोन कुणा भाजीवाल्या बाईचा, उसना घेतलेला. मायलेकी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. पाऊण तासानं पोरीनं हाक मारली. "माशिमा, मा आपसे बात करेगी."

मी पदर सावरून फोन घेतला. मनात तयारी केली, आभार मानेल, आपण म्हणायचं, अहो त्यात काय. आणि तिकडून ती माऊली जी सुरू झाली! आवाज बारीक, पण सूर कळत होता. नगर, केडगाव, पुणे रोड, तिन्ही शब्द तिनं वेगवेगळे, दातांत धरून उच्चारले. शेजारणीनं ऐकलं होतं. तिला पटवायला हिला तीन दिवस लागले, की ती आपली लेक नव्हे, दुसरीच कुणी. पोरीच्या भावाच्या कानावर अजून गेलं नाही, पण गेलं तर काय? एवढी मोठी बाई आणि तोंडावर ताबा नाही? असं सगळं, पोरीनं नंतर सांगितलं. पोरगी मधे मधे लाजून "मा, मा" करत होती.

मी "हो ताई, हो ताई" म्हणत राहिले. एकदाही उलटून बोलले नाही. तिचं बरोबरच होतं.

बोलून ती थकली. तिकडच्या टीव्हीत तेल तापल्याचा आवाज येत होता. मग हळू आवाजात तिनं विचारलं, एवढं मला कळलं, की पोरगी जेवते का नीट.

"खाती है," मी म्हटलं. "लाडू नाक दाबून खाती है, लेकिन खाती है."

सामान त्यांनी सोडलं. डोहाळजेवण येत्या गुरुवारी करायचं ठरलंय. आई येऊ शकत नाही, ती एक वाजता फोन करणार आहे, भाजीवाली त्या दिवशी दुपारी तिच्या दारात थांबायला तयार झालीय. पायेश मी करणार आहे, तिच्या सांगण्याप्रमाणे, फोन ओट्यावर उभा ठेवून. फाटकाला कडी मी अजून लावते. आठवा लागेल, मग नववा, बाळ येईल, आणि तो भाऊ कुठल्या दिवशी काय ऐकेल ते कुणी सांगावं. परका माणूस गल्लीत थांबला की पोरगी आधी आत जाते आणि मी बाहेर जाते.